दुकानातर्फे शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा: कागद निवडण्यापासून चित्रं परत करण्यापर्यंत

एका स्पर्धेला मी परीक्षक होतो. आयोजक एक व्यावसायिक होते आणि त्यांनी विषय दिला होता: ‘आमचं आवडतं दुकान’. दोनशेच्या आसपास चित्रं आली. बहुतेकांत त्यांच्याच दुकानाची पाटी, पाटीखाली दार आणि दारात हसणारे मालक. पाटीवरचं नाव मात्र प्रत्येक चित्रात अचूक होतं, कारण ते शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. मालक खूश, मुलं कंटाळलेली. आम्ही तिघे परीक्षक दोन तास त्याच पाटीतला उन्नीस-बीस फरक शोधत बसलो.

तेव्हापासून अशी स्पर्धा भरवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो. ज्या मुलाला बक्षीस मिळणार नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढेल का? तीनशे मुलं आली तर २८० तरी रिकाम्या हाताने परत जातात, आणि त्यांचे आईवडील तुमच्या दुकानावरून रोज जातात. विषय, कागद, परीक्षण, बक्षिसं, सगळं या प्रश्नाला धरून ठरवलं की बरेच घोळ आधीच टळतात.

हा प्रश्न भाबडेपणाने विचारत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगांशी खेळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये ७ ते ११ वयाच्या मुलींकडून कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं करून घेतली. ‘सर्वांत चांगल्या चित्राला बक्षीस’ असं ऐकलेल्या मुलींची चित्रं कलावंत परीक्षकांना कमी कल्पक वाटली. ज्यांना बक्षिसं चिठ्ठ्या टाकून वाटली जातील असं सांगितलं होतं, त्यांची अधिक.

म्हणून स्पर्धाच भरवू नये असं मी म्हणत नाही. पण जाहिरातीच्या कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापायचं ते यावरून ठरतं. तिथे विषय असावा. बक्षिसाची रक्कम नको.

दोन महिने आधी: विषय, वयोगट आणि शाळा

विषयावर एक संध्याकाळ खर्च करा, कारण निम्मी स्पर्धा तिथेच ठरते. ‘पर्यावरण वाचवा’ म्हटलं की दोन तळहातांवर रडणारी पृथ्वी येते. ‘निसर्ग’ म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि चार या आकड्यासारखे उडणारे पक्षी. त्यात मुलांचा दोष नाही. विषय इतका मोठा असला की ती आधी पाहिलेलं चित्र आठवतात. स्वतः अनुभवलेलं आठवावं लागेल असा विषय द्या: ‘पाऊस आला तेव्हा मी कुठे होतो’, ‘आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू’, ‘रात्री सगळे झोपल्यावर’. अशा विषयाचं चित्र दुसऱ्याकडून उतरवून घेता येत नाही, हा वरचा फायदा.

तुमच्या धंद्याशी नातं हवंच असेल तर ते विषयात असू द्या, चित्रात नको. चष्म्याचं दुकान असेल तर ‘चष्मा लावल्यावर फक्त मलाच दिसतं ते’. सायकलवाल्यांसाठी ‘माझी सायकल एकटीच निघाली तर’. लोखंडी सामानाच्या दुकानासाठी ‘एकही खिळा नसलेलं घर’. दुकानाचं नाव किंवा बोधचिन्ह काढायला लावू नका. मुलाकडून फुकटात जाहिरात करून घेतली हे पालकांना लगेच कळतं.

वयोगट तीन पुरेत: ६ ते ८, ९ ते ११ आणि १२ ते १४. यापेक्षा रुंद गट केला तर त्यातली मोठी मुलंच सगळं घेऊन जातात. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते लिहून टाका. नाहीतर निकालाच्या दिवशी जन्मदाखला घेऊन कुणीतरी समोर उभं राहील.

शाळांना पत्र एकाच पानाचं द्या. त्यात विषय, वयोगट, तारीख, वेळ, ठिकाण, कागद कोण देणार, चित्र परत कधी मिळणार आणि एका जबाबदार माणसाचा संपर्क, एवढंच. मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं, पण कलाशिक्षकांना प्रत्यक्ष भेटायचं, कारण स्पर्धा खरी चालते ती त्यांच्या जिवावर. परीक्षांच्या आणि स्नेहसंमेलनाच्या तारखा त्यांच्याकडूनच कळतात. त्यांना विषय वाचून दाखवा. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला तर विषय बदला.

घरून आणायचं की समोर बसवून काढायचं?

इथे माझं मत ठाम आहे: जमेल तर समोर बसवून. घरून आलेल्या चित्रांत आईचा हात, क्लासच्या सरांचा हात, आणि आता संगणकाने बनवलेल्या चित्रावरून गिरवलेलं असं सगळं मिसळलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलाच्या चित्रात सावली अगदी बरोबर पडलेली दिसली की परीक्षक एकमेकांकडे पाहतात. पण ‘हे तू काढलंस का?’ असं विचारून एखाद्या खऱ्या गुणी मुलाला दुखवण्याची हिंमत कुणाची होत नाही, आणि होऊही नये. समोर बसवलं की हा प्रश्नच उरत नाही.

लहान गटाला तासभर आणि बाकीच्यांना दीड तास पुरतो. लहान मुलं वीस मिनिटांत ‘झालं’ म्हणून उभी राहतात, तेव्हा त्यांना ‘अजून रंग भर’ म्हणू नका. चित्र संपलं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पालकांना मात्र हॉलबाहेर बसवा. खिडकीतून खुणा करणारे पालक मी पाहिलेत.

जागा नसेल आणि चित्रं शाळेतूनच मागवायची असतील, तर तुमचा शिक्का मारलेला कागद शाळेत पाठवा आणि चित्र चित्रकलेच्या तासालाच काढलं जावं अशी कलाशिक्षकांना विनंती करा. पूर्ण खात्री मिळत नाही, पण बराच फरक पडतो.

महिनाभर आधी: कागद आणि रंग

कागद तुम्हीच द्या. सगळ्यांना सारखा, कोरा, चांगला. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद ओला रंग लागला की सुरकुततो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. १५० ते २०० जीएसएमचा ड्रॉइंग कागद तेलखडू, रंगीत पेन्सिली आणि बेताच्या पाण्याचे पोस्टर कलर सहज झेलतो. भरपूर पाण्याचे जलरंग वापरू द्यायचे असतील तर ३०० जीएसएमचा हवा. शाळकरी स्पर्धेला त्याची गरज क्वचितच पडते.

आकार ए३, म्हणजे २९७ गुणिले ४२० मिलिमीटर. सर्वांत लहान गटाला ए४ द्या. मोठा रिकामा कागद पाहून लहान मुलं दबतात आणि एका कोपऱ्यात एक माणूस काढून थांबतात. ए३चा २०० जीएसएमचा एक कागद २५ ग्रॅम भरतो, तीनशे कागद साडेसात किलो. हे सांगायचं कारण, ते एका पिशवीत घालून दुचाकीवरून नेताना कडा दुमडलेल्या मी पाहिल्या आहेत. सपाट पुठ्ठ्याच्या खोक्यातच न्या. संख्येपेक्षा दहा टक्के कागद जास्त घ्या, कारण कुणाचं तरी पाणी सांडतंच, आणि रडणाऱ्या मुलाच्या हातात ताबडतोब दुसरा कागद द्यायचा असतो.

रंग मुलांनी आपापले आणावेत, पण प्रत्येक ओळीत सगळ्यांना वापरता येतील असे खडूंचे दोन-तीन डबे तुमच्याकडूनही ठेवा. एखाद्याकडे चाळीस रंगांचा डबा आणि शेजारच्याकडे सहा तुटके खडू, ही दरी परीक्षणाच्या टेबलावर ‘रंगसंगती’ नावाने पुन्हा दिसते. विकत घ्याल त्या रंगांवर मुलांसाठी सुरक्षित असल्याची खूण तपासा. युरोपचं ईएन ७१ हे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं मानक आहे आणि त्याच्या तिसऱ्या भागात शिसं, कॅडमियम यांसारख्या घातक घटकांवर मर्यादा आहेत. अमेरिकेत कलासाहित्यावर एएसटीएम डी ४२३६ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ, घातक घटक असतील तर तसा इशारा वेष्टनावर छापलेला असतो, म्हणून तोही वाचा.

कागदाची मागची बाजू आणि संमतिपत्र

चित्राच्या मागे फक्त क्रमांक असावा, तोही पेन्सिलीने, खालच्या उजव्या कोपऱ्यात. पेनाची शाई पुढे उमटते. नाव, वय, शाळा आणि पालकांचा फोन वेगळ्या वहीत, त्याच क्रमांकासमोर. ती वही परीक्षण संपेपर्यंत परीक्षकांना दाखवायची नाही. लहान जागी सगळे सगळ्यांना ओळखतात. आडनाव दिसलं की मनात काहीतरी हलतं, कितीही सरळ माणूस असला तरी.

संमतिपत्र अर्ध्या पानाचं, साध्या भाषेत. त्यातली तीन वाक्यं महत्त्वाची आहेत.

पहिलं, चित्र कुणाचं? मुलाचं. लेखक-कलावंतांच्या हक्कांचा (कॉपीराइटचा) आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ सालचा आहे आणि आज १८०हून अधिक देश त्यात आहेत. त्यानुसार चित्र काढलं की नोंदणीशिवाय त्याचा हक्क काढणाऱ्याकडे येतो, मग ते काढणारं सात वर्षांचं असो. स्पर्धेत चित्र दिलं म्हणून ते दुकानाचं होत नाही. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राखीव’ हे वाक्य लोक दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रकातून उचलतात. ते काढून टाका. दिनदर्शिकेवर किंवा भेटकार्डावर चित्र छापायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कशावर, किती काळ तेही लिहा, आणि पालकांची वेगळी सही घ्या. छापल्यावर मुलाचं नाव आणि एक प्रत द्यायला विसरू नका.

दुसरं, मुलाचा फोटो. त्यासाठी ‘हो’ आणि ‘नको’ असे दोन चौकोन ठेवा. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलांच्या खुर्चीला एक छोटी रंगीत फीत बांधली की फोटो काढणाऱ्याला लांबूनच कळतं.

तिसरं, नाव कसं छापणार. पहिलं नाव आणि वय पुरतं. पूर्ण नाव, शाळा आणि चेहरा हे तिन्ही एकत्र समाजमाध्यमावर टाकू नका. मोबाइलच्या फोटोत जागेची माहितीही साठते, ती काढूनच फोटो टाका. तुमच्या देशातल्या मुलांच्या माहितीविषयीच्या नियमांसाठी एखाद्या वकील ग्राहकाला हे अर्धं पान दाखवलं तरी काम होतं.

परीक्षण

परीक्षक तीन असावेत: एक कलाशिक्षक, पण सहभागी शाळेतला नको, एक प्रत्यक्ष चित्रं काढणारा माणूस, आणि एक मुलांबरोबर काम करणारा, वाचनालयातला असो की खेळाच्या मैदानावरचा. दुकानाचा मालक परीक्षक नको. कर्मचाऱ्यांची मुलं स्पर्धेत बसू शकतात की नाही ते आधीच लिहा. मी ‘बसू द्या, पण बक्षिसाबाहेर’ असं सुचवतो.

सुरुवातीला परीक्षकांशी दहा मिनिटं बोलून घ्या. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांतला साधारण ७ ते ९ वर्षांचा टप्पा परीक्षकांना माहीत असलाच पाहिजे. या वयात आकाश म्हणजे कागदाच्या वरची निळी पट्टी आणि जमीन म्हणजे खालची रेघ. घराची भिंत पारदर्शक असते आणि आतली माणसं दिसतात. महत्त्वाचा माणूस घराएवढा मोठा. या चुका नव्हेत, त्या वयाची ती चित्रभाषा आहे. ज्याने ती मनमोकळी वापरली त्याचे गुण ‘प्रमाणबद्धता नाही’ म्हणून कापले गेले, आणि मोजून-मापून काढलेल्या शिकवणीच्या चित्राला पहिला नंबर गेला, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता प्रत्यक्ष काम. एका गटाची सगळी चित्रं एकदम दिसतील अशी पसरा. शंभर ए३ चित्रांना मधली मोकळी जागा धरून साधारण २० चौरस मीटर लागतात, चालायची वाट वेगळी. टेबलं कमी पडली तर स्वच्छ जमिनीवर चादरी. गठ्ठ्यातून एकेक चित्र उचलून गुण देऊ नका. पहिल्या दहांना सगळे जपून गुण देतात, शेवटच्या दहांच्या वेळी परीक्षकांचा चहा झालेला नसतो.

पहिल्या फेरीत प्रत्येक परीक्षक एकटा फिरेल आणि आपल्या कागदावर आवडलेले पंधरा क्रमांक लिहील. बोलायचं नाही, चित्रावर चिठ्ठीही ठेवायची नाही, कारण एकाची चिठ्ठी दिसली की दुसऱ्याची तिथेच पडते. सुरुवातही वेगवेगळ्या टोकांकडून करा. तिघांपैकी एकाने जरी क्रमांक लिहिला तरी ते चित्र दुसऱ्या फेरीत जातं. विचित्र, धाडसी चित्रं बहुधा एकाच परीक्षकाला आवडलेली असतात आणि सरासरी काढली की तीच आधी गळतात.

दुसऱ्या फेरीत गुण देण्याऐवजी क्रम लावा. कारण हिशेबाचं आहे. समजा पहिल्या परीक्षकाने ‘अ’ला ९ आणि ‘ब’ला ४ गुण दिले. उरलेल्या दोघांनी ‘अ’ला ७ आणि ‘ब’ला साडेसात. बेरीज ‘अ’ २३, ‘ब’ १९. तिघांपैकी दोघांना ‘ब’ सरस वाटलं तरी ‘अ’ जिंकलं, कारण एकट्याच्या गुणांतला फरक फार मोठा होता. तेच क्रमाने लावलं तर ‘अ’चे १, २, २ मिळून ५ आणि ‘ब’चे २, १, १ मिळून ४. कमी बेरीज पुढे, म्हणजे ‘ब’. बरोबरी झाली तर मगच परीक्षकांनी बोलावं, आणि तरीही सुटली नाही तर दोन्ही चित्रांना तेच बक्षीस द्यावं.

क्रम लावलेले कागद सह्यांसह जपून ठेवा. ‘आमच्या मुलाचं काय चुकलं?’ असं विचारायला पालक आले तर उत्तर एकच: काही चुकलं नाही, त्या दिवशी तिघांनी असा क्रम लावला. इतर कुणाचं चित्र काढून तुलना करत बसू नका.

बक्षिसं

६ ते ८च्या गटात पहिला-दुसरा-तिसरा नकोच. त्याऐवजी पाच-सहा चित्रांना नावाने दाद द्या: ‘सगळ्यात जास्त माणसं मावलेलं चित्र’, ‘आवाज ऐकू येणारं चित्र’. मोठ्या गटांना क्रमांक चालतात, त्यांना ते हवेही असतात. बक्षीस कलासाहित्याचं द्या: चांगला कागद, ब्रश, रंग. दुकानाची सवलतीची कुपनं बक्षीस म्हणून देऊ नका. मुलाला कुपनाशी खेळता येत नाही.

पैसे कुठे वाचवायचे असं विचाराल तर चषकांवर वाचवा आणि तेच कागदावर घाला.

आता ज्या कामावर मी सगळ्यात जास्त भर देतो ते. प्रत्येक मुलाला त्याच्या चित्राबद्दल एक वाक्य लिहून द्या. ‘छान प्रयत्न’ हे वाक्य चालणार नाही. चित्रात जे दिसलं ते लिहायचं: ‘पावसाच्या रेघा तिरप्या आहेत, त्यामुळे वारा कुठून येतोय ते कळलं.’ ‘मांजराची शेपटी कागदाबाहेर गेली आहे, ते फार आवडलं.’ एका वाक्याला एक मिनिट धरलं तर तीनशे वाक्यांना पाच तास लागतात. चौघांनी वाटून घेतलं की सव्वा तास. प्रशस्तिपत्रावर छापलेला मजकूर कुणी वाचत नाही, हे हाताने लिहिलेलं वाक्य मात्र घरात मोठ्याने वाचलं जातं.

प्रदर्शन

सगळी चित्रं लावा. फक्त विजेत्यांची लावाल तर फक्त विजेत्यांचेच घरचे येतील. दोरी आणि लाकडी चिमटे ही सगळ्यात स्वस्त आणि चित्राला इजा न करणारी पद्धत. आडवं ए३ चित्र ४२ सेंटिमीटरचं, मध्ये ५ सेंटिमीटर सोडले तर दहा मीटर दोरीवर २१ चित्रं बसतात. तीनशेंसाठी अशा पंधरा दोऱ्या. जागा कमी असेल तर दोन ओळी एकाखाली एक लावा, वरच्या ओळीत मोठ्या मुलांची.

मोठ्यांच्या प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवतात. इथे पाहणारी मुलं आहेत, म्हणून ११० ते १२० ठेवा. मोठी माणसं वाकतील.

उन्हाच्या खिडकीत चित्रं लावू नका. स्केचपेनच्या शाईतले रंग उन्हात लवकर उडतात, आणि काचेआड तापलं की तेलखडू मऊ होऊन पसरतो. साठवताना तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला. दुकानाची पाटी प्रदर्शनात एकदाच लावा, दाराशी.

चित्रांच्या डिजिटल प्रती हव्या असतील तर त्या चित्रं टांगण्याआधी करा. ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) ए३चं स्कॅन सुमारे ३५०० गुणिले ४९६० पिक्सेलचं होतं, छपाईला तेवढं भरपूर. मोबाइलने काढणार असाल तर चित्र सपाट ठेवा आणि खिडकीचा प्रकाश बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. तेलखडू फ्लॅशखाली चमकतो.

निकालाचा कार्यक्रम ४० मिनिटांपेक्षा लांबवू नका. भाषण एकच. मुलं खाली बसलेली असतात आणि त्यांना आपलं चित्र कुठे लावलंय ते शोधायला पळायचं असतं.

चित्रं परत करणं

इथे बरेच आयोजक थकतात आणि गठ्ठा माळ्यावर जातो. परतीची तारीख पहिल्याच पत्रात छापलेली असली की चित्रं परत करणं टाळता येत नाही. प्रदर्शन संपल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत, रोज ठरावीक दोन तास, क्रमांकाप्रमाणे लावलेल्या गठ्ठ्यातून चित्रं द्या आणि वहीत खूण करा. घडी घालून देऊ नका, गुंडाळून रबर लावा, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंगाला आतून सुरकुत्या पडतात.

न नेलेली तीस-चाळीस चित्रं उरतात. ती शाळेनुसार वेगळी करून कलाशिक्षकांकडे पोचवा. तरीही ज्यांचा पत्ता लागत नाही अशी दोन-चार चित्रं गल्ल्यामागच्या खणात सपाट ठेवा आणि वर क्रमांकाचा कागद लावा. परीक्षा संपली की त्यातलं एखादं मूल सामान घ्यायला येतं, इकडेतिकडे बघतं, आणि विचारतं, माझं चित्र आहे का अजून?